खांदा दुखतोय? आधी कारणाचा माग काढा

गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली की पुढचे दोन-तीन आठवडे माझ्याकडे खांदेच खांदे येतात. स्टुलावर उभं राहून, मान मागे टाकून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधलेली असते. सुपारीची शिपटं, नारळ, तोरिंजन, रानातली कांगलं, एकेक वस्तू डोक्याच्या वर धरून दोराची गाठ मारायची, असे दोन-तीन तास. त्याआधी घराला रंग देणं, माळ्यावरची पितळेची भांडी उतरवणं, नेवऱ्यांच्या सारणासाठी आदोळीवर बसून नारळ खवणं. मग आरत्यांना घुमट वाजवणं. फोंड्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून मी सतरा वर्षं काम करते आहे, आणि या दिवसांत दारातून आत येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एकच वाक्य म्हणतो, "खांदा धरलाय."

या एका शब्दाखाली आठ-दहा निरनिराळी कारणं लपलेली असतात. एकाची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, सुजलेली असते, दुसऱ्याच्या सांध्याचं आवरण आक्रसलेलं असतं, तिसऱ्याचा खांदा धडधाकट असतो आणि दुखणं मानेतून येत असतं. क्वचित एखाद्याच्या हृदयाचं दुखणं खांद्यात उमटलेलं असतं. आणि यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. एकाला हात हलवायला लावायचा, दुसऱ्याला थोडे दिवस विश्रांती द्यायची, तिसऱ्याला तडक रुग्णवाहिकेत घालायचं. तेल चोळून घेण्याआधी, शेजारणीच्या सुनेला लागू पडलेली गोळी घेण्याआधी, कारणाचा माग काढायला हवा.

घरात कुणाचा तरी खांदा दुखतो आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. उपचार तुम्ही करायचे नाहीत, रोगाला नाव द्यायचंही काम तुमचं नाही. चार प्रश्न विचारून, नीट बघून आणि हात हलवून तुम्ही दहा शक्यतांच्या दोन-तीन करू शकता, आणि कुणाकडे किती घाईने जायचं ते ठरवू शकता. एवढी तयारी करून आलेल्या माणसाचं निदान डॉक्टरांकडे खूप लवकर होतं.

सांधा कसा आहे, एवढं आधी डोळ्यांपुढे आणा. शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत आठवते ना? खांदा तसाच आहे. दंडाच्या हाडाचा गोळा म्हणजे लिंबू, आणि फऱ्याच्या हाडावरची उथळ खोबण म्हणजे चमचा. खुब्याच्या सांध्यात गोळा खोल वाटीत बसलेला असतो, इथे नुसता टेकलेला. म्हणून हात चारी बाजूंना फिरतो, आणि म्हणूनच खांदा सहज निखळतो. लिंबू चमच्यावर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा करतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात, पुढे मी नुसतं 'कफ' म्हणेन. सांध्याभोवती, कफच्या आत, एक मऊ पिशवी असते, ती कॅप्सूल. वर छपरासारखं हाडाचं टोक असतं आणि तिथे कॉलरबोन येऊन मिळतं. कफच्या कंडरा त्या छपराखालच्या अरुंद फटीतून जातात.

पहिली पायरी: थांबायचं नाही अशा गोष्टी

हा भाग सोडून पुढे जाऊ नका. माझ्या हातून इथेच चूक झाली आहे.

माझे मामा सत्तरी तालुक्यात राहतात, काजूच्या डोंगरावर रोज जाणं-येणं. एका उन्हाळ्यात त्यांचा फोन आला, डावा खांदा दुखतोय, चार दिवस तेल लावलं, उतार नाही. मी विचारलं, "हात वर होतो का?" म्हणाले, "हात बरा फिरतो गो बाय." मी गरम पाण्याची पिशवी लावायला सांगितली आणि फोन ठेवला. हात नीट फिरतो आणि तरी दुखतं, तर मग दुखतं कधी, हा पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही. विचारला असता तर त्यांनी सांगितलं असतं की डोंगर चढताना दुखतं आणि दगडावर पाच मिनिटं टेकलं की थांबतं. दोन दिवसांनी त्यांना घामाने भिजलेल्या अवस्थेत वाळपईहून बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) न्यावं लागलं. मामा वाचले. पण तेव्हापासून हा प्रश्न मी कधीच चुकवत नाही: हात हलवल्यावर दुखतं, की चालल्या-चढल्यावर?

खांद्यातलं दुखणं खांद्याच्या हालचालीने कमी-जास्त होतं. हालचालीशी ज्याचा काही संबंध नाही आणि जे श्रम केल्यावर येतं, ते हृदयाचं असू शकतं. सोबत घाम, धाप, मळमळ, छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर १०८ला फोन करा. मधुमेही माणसांत आणि बायकांमध्ये छातीत दुखल्याशिवायही झटका येऊ शकतो, म्हणून 'छातीत तर काही नाही' यावर विसंबू नका. रुग्णाला स्कूटरच्या मागे बसवून नेऊ नका. गोव्यात स्टेमी, म्हणजे हृदयाच्या मोठ्या झटक्यावर लगेच उपचार करण्याच्या, प्रकल्पाखाली अनेक सरकारी रुग्णालयं आणि आरोग्य केंद्रं गोमेकॉच्या हृदयरोग विभागाशी जोडलेली आहेत. जवळच्या केंद्रात ईसीजी काढून तो तिथल्या तज्ज्ञांना दाखवला जातो, त्यामुळे जवळचं केंद्र गाठणंही फुकट जात नाही.

घाईच्या इतर गोष्टी अशा. पडल्यावर किंवा अपघातानंतर खांद्याचा आकार बदललेला दिसतो, हात उचलतच नाही, बोटांना मुंग्या येतात किंवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे: हाड मोडलेलं किंवा सांधा निखळलेला असू शकतो. हात आहे तसा पंचाने गळ्यात बांधा आणि न्या. बसवायचा प्रयत्न घरी कुणीही, कितीही जाणकार असला तरी, करायचा नाही. खांदा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप: सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी दाखवायचं. फुटबॉलच्या मैदानात किंवा स्कूटरवरून पडून डाव्या कुशीला मार लागला आणि मग डावा खांदा दुखू लागला: प्लीहेला इजा होऊन पोटात रक्तस्राव झाला तर त्याची कळ खांद्याच्या टोकाला येते. पाळी चुकलेल्या बाईला ओटीपोटात दुखून खांद्याच्या टोकाशी कळ येत असेल तर गर्भ नळीत राहून ती फुटलेली असू शकते. या दोन्हींत तास मोजावे लागतात.

थोडं कमी घाईचं, पण याच आठवड्यात दाखवायचं: वजन उतरतंय, रात्रंदिवस सारखं दुखतंय, कुठल्याच स्थितीत आराम नाही, पूर्वी कॅन्सर झालेला आहे, किंवा बरीच वर्षं विडी-सिगरेट ओढणाऱ्याचा खांदा दुखतो आणि हाताची ताकद जाते आहे. फुप्फुसाच्या वरच्या टोकाची गाठ असं दुखणं देते.

दुसरी पायरी: बोट ठेवून दाखवायला सांगा

मराठीत आपण 'खांदा' हा शब्द फार मोठ्या भागाला वापरतो. मान आणि खांद्याच्या मधला मांसल भाग म्हणजेही खांदा, पाठीवरचा फरा म्हणजेही खांदा, आणि दंडाचा वरचा भागही खांदाच. म्हणून 'कुठे दुखतं' हे तोंडी ऐकून घेऊ नका. दुसऱ्या हाताने दाखवायला सांगा आणि हात कसा ठेवला जातो ते बघा.

एकच बोट खांद्याच्या अगदी वर, कॉलरबोनच्या टोकाशी टेकलं तर तो छोटा वरचा सांधा दुखतो आहे. पूर्ण पंजा दंडाच्या बाहेरच्या बाजूला फिरला तर दुखणं बहुतेक खऱ्या खांद्यातलं, कफचं किंवा कॅप्सूलचं. लोकांना याचं नवल वाटतं, कारण बिघाड वर आणि दुखतं चार बोटं खाली. दंडच चोळत बसलेले कितीतरी जण मी पाहते. बोट समोरच्या खोबणीवर आलं तर बायसेप्सची कंडरा. मान आणि खांद्याच्या मधल्या भागात किंवा फऱ्याच्या आतल्या कडेला पंजा गेला तर आधी मानेचा संशय घ्यायचा. दिवसभर गाडीच्या हँडलवर हात ताणून बसणारे आमचे मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाले, बिलिंगच्या खिडकीवर मान वाकवून बसणाऱ्या मुली, यांचं 'खांदा दुखणं' बऱ्याचदा तिथलं असतं.

आणखी एक खूण: खांद्याचं दुखणं कोपराच्या खाली सहसा उतरत नाही. कोपर ओलांडून बोटांपर्यंत गेलं, मुंग्या किंवा बधिरपणा घेऊन गेलं, तर मान तपासायची.

तिसरी पायरी: विचारायचं काय

विचारा आणि लिहून घ्या, कारण दोन दिवसांनी डॉक्टरांपुढे काही आठवत नाही.

सुरुवात कशी झाली? पडल्यावर, ओझं उचलल्यावर, की हळूहळू, कळलंच नाही? रात्री त्या कुशीवर झोपता येतं का? कुठल्या कामाला सगळ्यात जास्त त्रास होतो? हे काम नेमकं विचारा. 'सगळ्यालाच' या उत्तरावर सोडू नका. केस विंचरताना, मागे ब्लाउजचा हूक लावताना, शर्टाची बाही चढवताना, स्कूटरच्या मागच्या सीटवरची पिशवी घेताना, फळीवरचा डबा काढताना. माटोळी बांधताना किंवा नारळ पाडणारा पाडेली कोयता चालवतो तसा हात वर असतानाच दुखत असेल आणि खाली सोडल्यावर बरं वाटत असेल, तर छपराखालच्या कंडरांकडे बघायचं. मागे जाणारा हात आणि बाहेर उघडणारा हात हे दोन्ही आखडले असतील तर कॅप्सूलकडे.

वय विचारा. वय इथे फार काही सांगतं. पंचविशीच्या आतल्या खेळाडूचा खांदा बहुधा सैल असतो, निखळू पाहणारा. चाळिशी ते साठीत फ्रोझन शोल्डर आणि कफची सूज. साठीपुढे कफ फाटलेला असणं किंवा सांधा झिजलेला असणं वाढतं. मग साखर आणि थायरॉइड विचारा. अलीकडे हात बराच काळ गळ्यात होता का, छातीचं किंवा स्तनाचं ऑपरेशन झालं का, पक्षाघात झाला का. फिट आली होती किंवा विजेचा धक्का बसला होता का, हाही प्रश्न विचारा. तो का, ते पुढे येईल.

चौथी पायरी: पाठीमागून बघा

पुरुषाचा शर्ट काढा, बाईला बिनबाह्यांचा ब्लाउज किंवा सैल गाऊन घालू द्या, आणि उजेडात पाठीमागे उभे राहा. दोन्ही खांदे एका उंचीवर आहेत का, फऱ्यावरचा मांसल भाग एका बाजूला खोल गेला आहे का, वर कॉलरबोनच्या टोकाशी उंचवटा आला आहे का, दंडात समोर गोळा खाली सरकलेला दिसतो का. हे शेवटचं, म्हणजे बायसेप्सची कंडरा तुटून दंडावर उतरलेला गोळा, वयस्क माणसांत एखाद्या दिवशी अचानक दिसतो आणि घरचे घाबरतात. दाखवायला हवं, पण रात्रीत धावपळ करण्यासारखं नाही. त्वचेवर पट्ट्यात उठलेली पाणी भरलेली पुरळ दिसली तर ती नागीण असू शकते. पुरळ यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसती आग होते, म्हणून रोज एकदा बघा.

पाचवी पायरी: हात हलवून बघा

हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. नियम असा: आधी चांगला हात, मग दुखरा. आधी रुग्णाने स्वतः, मग तुम्ही त्याचा हात धरून. 'स्वतः किती' आणि 'दुसऱ्याने धरून किती' यांतला फरक पुष्कळ काही उलगडतो. पडलेल्या, मार लागलेल्या माणसावर यातलं काहीही करायचं नाही, आधी एक्स-रे. आणि दुखलं की थांबायचं, तिथून पुढे रेटायचं नाही.

पहिली हालचाल, हात बाजूने वर. रुग्णाला भिंतीजवळ उभं करा, हात बाजूने उचलून कानापर्यंत न्यायला सांगा. दुखणं कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं ते बघा. साधारण ६० ते १२० अंशांच्या मधे, म्हणजे हात आडवा व्हायच्या थोडा आधीपासून थोडा नंतरपर्यंत दुखलं आणि त्यापुढे हलकं झालं, तर कफच्या कंडरा. अगदी वर, कानाजवळ जाताना खांद्याच्या माथ्यावर दुखलं तर वरचा छोटा सांधा. तोच हात छातीवरून दुसऱ्या खांद्यावर नेताना माथ्यावर कळ आली तर तो संशय पक्का होतो.

स्वतः हात उचलवत नाही, पण तुम्ही अलगद धरून नेला तर पूर्ण वर जातो, असं असेल तर सांधा मोकळा आहे, ओढणारी कंडरा किंवा तिच्या स्नायूची नस कामाची राहिलेली नाही. वर नेलेला हात हळूहळू खाली आणायला सांगा, आपला हात खाली आधाराला ठेवून. अर्ध्यात तो दगडासारखा पडला तर कफ फाटलेला असण्याची शक्यता मोठी. हे पन्नाशी उलटलेल्या माणसाला पडल्यानंतर झालं असेल तर 'दोन महिने बघू' म्हणू नका. ताजी फाट काही आठवड्यांत दाखवली तर शिवण्याचा पर्याय चांगला उरतो, पुढे स्नायू आक्रसत जातो.

दुसरी हालचाल, दार उघडणं. माझ्या मते घरी करण्यासारखी एकच तपासणी निवडायची असेल तर हीच. रुग्णाला पाठीवर उताणं झोपवा किंवा खुर्चीवर ताठ बसवा. दोन्ही कोपर काटकोनात दुमडलेले, कमरेला टेकलेले. कोपर सुटू नये म्हणून कोपर आणि बरगडी यांच्या मधे एकेक घडी केलेला नॅपकिन ठेवा. आता दोन्ही हात दाराच्या दोन फळ्यांसारखे बाहेर उघडायला सांगा. नॅपकिन पडला तर पुन्हा.

गेल्या वर्षी एक शिक्षिका आल्या होत्या, वय बावन्न. सहा महिने उजवा खांदा दुखत होता, फळ्यावर वरच्या ओळी लिहिणं त्यांनी सोडून दिलं होतं. नॅपकिन ठेवला, हात उघडायला सांगितले. डावा हात बाहेर सहज गेला. उजवा चार बोटं सरकला आणि आतून कडी घातलेल्या दारासारखा थांबला. मी तळहाताखाली हात देऊन हळूच नेऊन बघितला. तो त्याच जागी अडला. "ढकलू नका हं, तिथंच अडतो," त्या म्हणाल्या. स्वतः केलं तरी तेवढाच आणि दुसऱ्याने धरून नेला तरी तेवढाच, याचा अर्थ कॅप्सूल आक्रसलेली. चाळिशी-साठीतल्या माणसात हे बहुधा फ्रोझन शोल्डर असतं.

मी पुढचा प्रश्न विचारला, साखर कधी तपासली? त्यांनी ती कधीच तपासली नव्हती. तपासल्यावर ती चांगलीच वाढलेली निघाली. खांद्याने त्यांचा मधुमेह उघडा केला.

हे गोव्यात मी मुद्दाम जोर देऊन सांगते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. चार प्रौढांमागे एकाहून थोडं जास्तच. आणि मधुमेह्यांना फ्रोझन शोल्डर इतरांपेक्षा पुष्कळ जास्त होतो, जास्त रेंगाळतो, बऱ्याचदा एकानंतर दुसऱ्या खांद्यालाही होतो. म्हणून इथे ज्याचा हात बाहेर उघडत नाही, त्याने उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी, थायरॉइडही. पुढे कुणी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर ते चांगलं काम करतं, पण त्यानंतर काही दिवस साखर चढते. डॉक्टरांना मधुमेह आहे हे आधी सांगा आणि त्या दिवसांत साखर मोजत राहा.

'फ्रोझन शोल्डर' हे नाव बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं. हा आजार तीन टप्प्यांनी जातो: आधी काही महिने नुसतं दुखणं, रात्री जास्त; मग दुखणं उतरतं आणि आखडणं राहतं; मग हळूहळू सुटत जातं. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. पहिल्या टप्प्यात कुणी हिसका देऊन हात मोकळा करू पाहिला तर दुखणं भडकतं. ज्यांनी 'एका झटक्यात मोकळा' करून देणाऱ्याकडे जाऊन येऊन महिनाभर झोप घालवली, अशा बायका माझ्याकडे येऊन रडल्या आहेत. तेव्हा कळकळीने सांगते, हिसका नको.

हात बाहेर उघडत नाही याची आणखी दोन कारणं असतात. साठीपुढच्या माणसात सांधा झिजलेला असला तरी असंच होतं, सोबत आत कुरकुर जाणवते. आणि फिट किंवा विजेचा धक्का यानंतर खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो, आणि ते वरून पटकन दिसत नाही. दोन्ही एक्स-रेत कळतात, म्हणून 'फ्रोझन शोल्डर' म्हणण्याआधी एक साधा एक्स-रे हवा.

तिसरी हालचाल, हात पाठीमागे. अंगठा वर करून पाठीवर किती वर पोचतो ते बघा: कुल्ल्यापर्यंत, कमरेच्या पट्ट्यापर्यंत, ब्लाउजच्या हूकापर्यंत. दोन्ही बाजूंचं लिहून ठेवा.

शेवटी जोर. कोपर कमरेशी, हात काटकोनात, तुम्ही मनगटाच्या बाहेरून अडवा आणि रुग्णाला बाहेर ढकलायला सांगा. दुखतं पण जोर आहे, तर कंडरा चिडलेली. जोरच लागत नाही, तर फाटीचा किंवा नसेचा संशय.

सहावी पायरी: मानेकडे वळा

आता खांदा सोडून मान. हनुवटी छातीला, मग छताकडे, मग दोन्ही खांद्यांकडे वळवायला सांगा, सावकाश. मान एका बाजूला वळवताना नेहमीचं 'खांद्याचं' दुखणं जसंच्या तसं आलं तर उगम मानेत आहे. तळहात डोक्यावर ठेवून बसल्यावर बरं वाटतं असं रुग्ण आपणहून सांगत असेल तर तीही मानेतल्या नसेचीच खूण, कारण कफ बिघडलेल्या माणसाला हात तसा ठेवणंच नकोसं होतं. डोकं वरून दाबून करायची एक तपासणी इंटरनेटवर दाखवतात. ती घरी करू नका. दोन्ही हातांत बधिरपणा, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काही असेल तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

न बसणारी कोडी

काही खांदे वरच्या कुठल्याच खणात बसत नाहीत. काल काही नव्हतं आणि आज पहाटे इतकं दुखतंय की हात अंगाला लावून माणूस येरझाऱ्या घालतो: कंडरेत कॅल्शियम साठून ते विरघळू लागलं की असं होतं. एक्स-रेत पांढरा ठिपका दिसतो. दुखणं भयंकर असलं तरी ते उतरतं. पन्नाशीपुढच्या माणसाचे दोन्ही खांदे एकदम, सकाळी तासभर इतके आखडलेले की अंथरुणातून उठवत नाही, सोबत मांड्याही: हा वाताचा वेगळा आजार असतो, रक्ततपासणीने कळतो. त्यात डोकं दुखलं किंवा दिसायला कमी आलं तर लगेच जायचं, डोळ्याला धोका असतो. उजव्या फऱ्याखाली तेलकट जेवणानंतर दुखतं, हालचालीने काही फरक नाही: पित्ताशयाची सोनोग्राफी.

कागद घेऊन कुठे जायचं

एवढं झाल्यावर एका कागदावर लिहा: कोणता हात, कधीपासून, बोट कुठे ठेवलं, रात्री झोप येते का, हात स्वतः किती आणि दुसऱ्याने किती, दार किती उघडतं, अंगठा कुठवर, मानेने काही होतं का, साखर किती, गोळ्या कोणत्या. पहिल्यांदा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. तिथून लागलं तर म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात, फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा गोमेकॉत अस्थिरोग विभागात.

एमआरआयने सुरुवात करू नका. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांदा मुळीच न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या साठीपुढच्या ५४ टक्के लोकांच्या कफमध्ये पूर्ण किंवा अर्धवट फाट निघाली, आणि त्यांना कसलाच त्रास नव्हता. फिल्मवर फाट दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही, ती तुमच्या तपासणीशी जुळायला हवी. आधी एक्स-रे, कंडरेसाठी सोनोग्राफी, आणि ऑपरेशनचा विचार असेल किंवा काहीच जुळत नसेल तेव्हा एमआरआय.

दाखवेपर्यंत दुखऱ्या कुशीवर झोपू नका. उताणं झोपून दंडाखाली घडी केलेली चादर ठेवली की हात मागे पडत नाही आणि रात्र बरी जाते. हात पूर्ण बंद करून गळ्यात अडकवू नका, हाड मोडलेलं नसेल तर दुखण्याच्या आत राहून हलवत राहा. वेदनाशामक गोळ्या रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय किंवा पोटाच्या अल्सरचा त्रास असणाऱ्याने आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्याने विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

त्या शिक्षिकांनी एक छान गोष्ट केली. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर, जिथे मुलांच्या उंचीच्या जुन्या खुणा होत्या, तिथे उजवा हात किती वर जातो त्याची पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख घातली. दर दुसऱ्या रविवारी नवी खूण, त्याच जागी उभं राहून, टाचा जमिनीला टेकवून. तुम्हीही तसं करा. खूण वर सरकत असेल तर सावकाश का होईना, चाललंय ते बरोबर आहे. दीड महिन्यात ती हलली नाही, किंवा खाली आली, किंवा रात्रीचं दुखणं वाढलं, तर त्याच तारखा घेऊन परत डॉक्टरांकडे जा आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा तपासा.